शिकारीआधीचे कांदेपोहे

चारुदत्त केळकर जर्मनीत वाल्डॉर्फला एका सॉफ्टवेअर कंपनीत होता. वाल्डॉर्फ म्हटलं की पुण्यातल्या नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर जी भलीमोठी कंपनी येते ती ही नव्हे. ही तिच्या शेजारची, तिच्याच कामांवर पोट भरणारी लहान कंपनी. पण हा खुलासा चारुदत्तनं आजवर कुणापुढे केलेला नव्हता. समोरच्याचा गैरसमज आपल्या सोयीचा असला तर तो मोडून त्याला दुखवायचं कशाला, असं त्याचं मत होतं.

याच मतापायी नाताळच्या पार्टीत तो फसला. त्याचे साहेब हेर, म्हणजे श्रीयुत, वाइडनर हाडाचे शिकारी. ओडेनवाल्डच्या डोंगरात जंगलाचा एक तुकडा त्यांनी शिकारीसाठी वर्षानुवर्षं भाड्यानं घेतलेला होता, त्याला ते 'माझं रेव्हियर' म्हणत आणि तसं म्हणताना त्यांचा एरवी फाइलीसारखा बंद चेहरा उघडत असे. त्यांनी सहज विचारलं की भारतात शिकार चालते का. चारुदत्तच्या हातात गरम वाइनचा पेला होता, पोटात आधीचे दोन होते. तो म्हणाला, "चालते काय, आमच्या घराण्यातच शिकार आहे. माझे पणजोबा राजेसाहेबांच्या वाघाच्या शिकारीला असायचे."

हे अगदीच खोटं नव्हतं. पणजोबा एका चिमुकल्या संस्थानात जोशी होते आणि राजेसाहेबांनी शिकारीला कधी निघावं याचा मुहूर्त काढून देत. मुहूर्त देऊन झाला की ते घरी येऊन जेवत. वाघ त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, तोही राजवाड्याच्या दिवाणखान्यात, पेंढा भरलेला, आणि घरातले लोक सांगत की तेव्हासुद्धा ते उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले होते.

मार्चमध्ये हेर वाइडनरांनी त्याला कॉफीच्या यंत्रापाशी गाठलं. हरणांचा हंगाम सुरू व्हायला थोडेच आठवडे उरले होते. त्याआधी ते एका पहाटे नुसते पाहणीला जात, कोणते नर कुठून फिरतात, मचाणं हिवाळ्यात किती कुजली, वगैरे. "हेर केळकर, बंदूक नाही, काही नाही. फक्त बघायचं. येता का?"

चारुदत्तला तिथल्या तिथे आकाश ठेंगणं झालं. कारण टीमलाइटरची जागा रिकामी होत होती. टीमचा प्रमुख म्हणून आता कोण, याचा निर्णय वाइडनरांच्या शिफारशीवर होणार होता, आणि उमेदवार दोनच होते, तो आणि रुपेश. ही जागा चारुदत्तनं दोनदा हुकवली होती. तिसऱ्यांदा हुकली तर आपण जन्मभर दुसऱ्याच्या मीटिंगांची मिनिट्स लिहिणार, हे त्याला रात्री छातीवर कुणी बसल्यासारखं जाणवायचं. रुपेश नागपूरचा, कामाला बरा, पण चारुदत्तच्या मते जनावर. पाचच्या ठोक्याला मुलाला आणायला कीटाकडे, म्हणजे पाळणाघराकडे, पळणार, डबा एकटा खाणार. साहेबांच्या कुत्र्याचं नावसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. चारुदत्तला त्या कुत्र्याचा वाढदिवस ठाऊक होता.

आणि अनुभव त्याच्या बाजूनं होता. पुण्यातल्या पहिल्या नोकरीत तो साहेबांच्या मुलीच्या लग्नात पंगतीत आमटी वाढत फिरला होता, व्याह्यांकडच्या लोकांना त्यानं आग्रह करकरून जिलब्या वाढल्या होत्या, आणि लग्नाचा मांडव उतरतो न उतरतो तोच त्याची बढती आली होती. साहेब गोरा असो की सावळा, माणूस शेवटी माणूस, असं तो मानत होता. घरी येताना त्यानं स्वतःशीच टीमलाइटरच्या सहीचा सराव केला.

घरी बातमी सांगितली तेव्हा त्याचे सासरे श्यामकांत कोचावर शाल पांघरून बसले होते. वीज मंडळातून निवृत्त झालेला हा गृहस्थ तीन महिन्यांसाठी लेकीकडे आला होता आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांचं जर्मनी बघून संपलं होतं. तेव्हापासून जावई संध्याकाळी घरी येणं हीच त्यांची करमणूक होती.

"म्हणजे मारणार नाही?" श्यामकांतांनी विचारलं.

"नाही हो बाबा. पहिल्या खेपेला नुसतं बघायचं. आल्झो, म्हणजे कुठला नर कसा आहे, वय किती, शिंगं कशी, चालतो कसा..."

"मग कांदेपोहेच की हे! बघायचं, पसंत करायचं, आणि मग मुहूर्त पाहून बार उडवायचा. जावईबापू, तुमच्या घराण्याचंच काम आलं."

ऋचा, म्हणजे चारुदत्तची बायको, ओट्याशी उभ्याउभ्या हसली. ती हायडेलबर्गला एका संशोधन संस्थेत होती आणि तिचा नवरा कशाला हुरळला की तिला खर्चाचा अंदाज आधी यायचा. "चारू, बघायचंच आहे ना? मग जा तसाच. तुझा जुना रेनकोट आहे."

तसाच? चारुदत्त दुखावला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, इथे तर नवऱ्याच्या आधी बाशिंगच आलं. पार्सलांची रांग लागली. आधी हिरवं लोडनचं, म्हणजे दाट लोकरी कापडाचं, जाडजूड जॅकेट आलं, मग लाकडी बटणांचा वेस्टकोट, मग गुडघ्यापर्यंतचे मोजे आणि काठाला दोरी असलेली टोपी. त्या टोपीला पीस वेगळं मिळत होतं, ते त्यानं वेगळं मागवलं. दुर्बीण अशी होती की ती गळ्यात घातली की मान आपोआप नम्र व्हायची. हे सगळं चढवून तो आरशापुढे उभा राहिला तेव्हा नऊ वर्षांची उर्जा दारातून बघत होती. आईबापांचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती "पाइनलिश," एवढंच म्हणाली आणि गेली. लाजिरवाणं, असा त्याचा अर्थ. चारुदत्तनं तो पोरकटपणा म्हणून सोडून दिला.

योगायोगानं त्याच आठवड्यात पाडवा होता. बाल्कनीत गुढी उभी राहिली तेव्हा श्यामकांतांनी नवीन खरेदी म्हणून दुर्बीण पाटावर ठेवली, हळदकुंकू वाहिलं, आणि चारुदत्तनं मनापासून हात जोडले. त्यांची थट्टा चालली होती. त्याची मुळीच नव्हती.

मग अभ्यास सुरू झाला. जर्मन शिकाऱ्यांची स्वतःची एक बोली असते. हरणाच्या कानाला ते कान म्हणत नाहीत, रक्ताला रक्त म्हणत नाहीत, शेपटीला तर तिसरंच नाव. दहावीला संस्कृतचे शब्द चालवून पैकीच्या पैकी मिळवलेल्या माणसाला हे डाव्या हातचं काम. तो दाढी करताना, बसमध्ये, चहा गाळताना पुटपुटत राही. श्यामकांतांनी लेकीला विचारलं की याला मंत्रबिंत्र कुणी दिलाय का.

मचाणावर न हलता, न बोलता तासन्‌तास बसावं लागतं असंही त्याच्या वाचनात आलं. घरात उंच अशी जागा एकच होती, उर्जाचा दुमजली पलंग. ऑफिसातून आला की तो वरच्या मजल्यावर, टोपी घालून, दुर्बीण लावून बसे आणि खालच्या पार्किंगमध्ये कोण येतं-जातं ते टिपे. समोरच्या इमारतीतल्या फ्राऊ हाननं एकदा तिच्या खिडकीतून याच्या दुर्बिणीत थेट पाहिलं. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली ऋचाला तिच्याशी बराच वेळ हसून बोलावं लागलं.

पण खरा प्रश्न निराळाच होता. हरणाला नाक असतं, आणि केळकरांच्या घरात फोडणी असते.

जर्मनीत राहणाऱ्या आपल्या माणसांना हे सांगायला नको. तेल तापायच्या आधी घरातली सगळी जॅकेटं उचलून बेडरूममध्ये न्यायची, दार लावून घ्यायचं, दाराच्या फटीत पंचा सारायचा, मगच मोहरी टाकायची. एवढं करूनही एखाद्या सोमवारी मीटिंगमध्ये शेजारचा खुर्ची इंचभर सरकवतो आणि आपण दिवसभर बाह्या हुंगत बसतो. चारुदत्तला या सरकणाऱ्या खुर्चीची इतकी धास्ती होती की तो ऑफिसच्या कपाटात वेगळा शर्ट ठेवत असे. आता त्यानं वाचलं की हरणाला माणसाच्या कितीतरी पट वास येतो. त्यानं मनाशी चित्र पाहिलं, की पहाटेचं धुकं आहे, भरघोस शिंगांचा नर झाडीतून बाहेर येतो, नाक वर करतो, त्याला हिंगाचा वास येतो आणि तो पार फ्रान्सच्या सरहद्दीकडे पळत सुटतो. मागोमाग टीमलाइटरची जागाही.

"पाहणीपर्यंत या घरात फोडणी बंद," त्यानं जाहीर केलं.

"बंद म्हणजे?" श्यामकांतांनी पेपरमधून डोकं काढलं.

"बंद म्हणजे बंद. एक आठवडा. उकडलेलं खाऊ. हेल्दी असतं."

"अहो, पण आमटी?"

"आमटी पण नाही, बाबा."

सासऱ्याला आजवर कुणी असं बोललं नव्हतं. लेकीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग बापाकडे, आणि तिनं ठरवलं की एक आठवडाच तर आहे. त्या आठवड्यात केळकरांच्या टेबलावर बटाटे आले, गाजरं आली, पांढरीफटक डाळ आली जिच्याकडे बघून श्यामकांत रोज विचारत की घरात कोण आजारी आहे. उर्जा तेवढी खूष होती. सासरेबुवांनी पुण्याला फोन करून सांगितलं की जावयानं शिकार सुरू केली असून पहिला नंबर माझा लागला आहे.

शुक्रवारी मात्र त्यांचा बांध फुटला. ऋचा कामावर, जावई ऑफिसात, नात शाळेत. श्यामकांतांनी शिळ्या पोळ्यांचा चुरा केला, कांदा चिरला, कढल्यात सढळ हातानं तेल ओतलं आणि मोहरी, हिंग, लसूण, मिरची अशी खमंग फोडणी दिली की आठवडाभराचा सगळा बॅकलॉग भरून निघावा. खिडकी त्यांनी उघडली, नाही असं नाही. पण ती खिडकी बाल्कनीत उघडते, आणि बाल्कनीत दुकानाचा नवा वास जावा म्हणून लोडनचं जॅकेट टांगलेलं होतं. लोकरीला वास दिला की ती तो माहेरच्या दागिन्यासारखा धरून ठेवते.

संध्याकाळी चारुदत्तनं जॅकेट नाकाशी नेलं आणि तो मटकन खाली बसला. "बाबा, तुम्हाला कळतंय का, माझं करिअर आहे हे!" त्याचा आवाज चिरकला. श्यामकांतांना क्षणभर खरंच वाईट वाटलं. पण फोडणीच्या पोळीनं त्यांचा आत्मा असा काही तृप्त झाला होता की ते वाईट वाटणं फार टिकलं नाही. जॅकेटला हेअरड्रायर लावून झाला, कॉफीची पूड चोळून झाली. शेवटी त्याला हिंग, लसूण, कॉफी आणि भाजलेल्या लोकरीचा एकत्र वास येऊ लागला.

शनिवारी पहाटे हेर वाइडनर जंगलाच्या तोंडाशी गाडीला टेकून उभे होते. अंगात कुठल्याशा गावातल्या फुटबॉल क्लबचं विटलेलं जॅकेट, गुडघ्याला ठिगळ लावलेली पँट, डोक्यावर लोकरीची माकडटोपी. त्यांनी चारुदत्तकडे आधी खालून वर आणि मग वरून खाली पाहिलं. पिसावर त्यांची नजर जरा जास्त वेळ थांबली.

"तुम्ही फार तयारी केलीत, हेर केळकर," ते हळूच म्हणाले.

चारुदत्तला ही स्तुती वाटली. चालताना नवे बूट पावलागणिक कुरकुरत होते, तर तो टाचा उचलून, नवी नवरी माप ओलांडते तसा चालू लागला. मचाणाच्या शिडीशी आल्यावर मात्र त्याला राहवेना. साहेबांना आधीच सांगून टाकावं म्हणून तो कुजबुजला, "हेर वाइडनर, माझ्या जॅकेटला... घरच्या स्वयंपाकाचा वास आहे. हरणं पळतील. माफ करा."

वाइडनरांनी बोट ओलं करून हवेत धरलं. "वारा आपल्या तोंडावर आहे. हरणं पुढून येतात. तुम्ही अंगावर अख्खं हॉटेल घेऊन आला असतात तरी चाललं असतं." मग त्यांनी नाक जवळ आणलं. "काय आहे हे? मला आता भूक लागली."

एक आठवड्याचे बटाटे चारुदत्तच्या डोळ्यांपुढून सरकले. त्यानं ही गोष्ट घरी सांगायची नाही असं ठरवलं आणि तो शिडी चढला.

दोघं फळीवर खांद्याला खांदा लावून बसले. हळूहळू उजाडलं. चारुदत्तनं पाठ केलेले सगळे शब्द जिभेवर आणून ठेवले होते, पण थंडीनं त्याची बत्तीशी अशी गच्च बसली होती की एकही बाहेर पडेना. तो नुसता बसून राहिला. आणि मग झाडीतून खरंच एक नर आला. लहानखुरा, ताठ मानेचा, शिंगांवर अजून मखमल. तो मधोमध उभा राहून गवत खाऊ लागला, आणि चारुदत्त श्वास घ्यायला विसरला. क्षणभर त्याला टीमलाइटरची आठवणसुद्धा राहिली नाही. हे त्याच्या बाबतीत त्या वर्षात पहिल्यांदाच घडत होतं.

वाइडनरांनी त्याची भारी दुर्बीण मागितली, लावली, मान डोलावली. परत दिली तेव्हा त्यांच्या दोन्ही डोळ्यांभोवती, कडांत साठून दवानं भिजलेल्या पाडव्याच्या कुंकवाचे लालभडक गोल उमटले होते. चारुदत्तनं ते पाहिले आणि काहीही न बोलायचं ठरवलं.

हरीण निघून गेल्यावर वाइडनरांनी थर्मासमधली कॉफी दोन झाकणांत ओतली. "दोन वर्षं मी सोबतीला माणूस शोधतोय," ते म्हणाले. "माझी बायको बोलते. मेहुणा खोकतो. तुम्ही मात्र दगडासारखे बसता. रक्तातच आहे, तुमचे पणजोबा!" त्यांनी हात पुढे केला. "आता हे अहो-जाहो पुरे. मी युर्गन."

चारुदत्तनं तो हात दोन्ही हातांनी धरला. आमटी वाढली तेव्हा साहेबांनी पाठ थोपटली होती. इथे तर खुद्द साहेब अरे-तुरेवर आले होते. त्याच्या मनात टीमलाइटरची पाटी दाराला लागून पुसूनही झाली.

"आणि चारू, तुला एक सांगायला हवं, मित्र म्हणून," युर्गननं झाकण बाजूला ठेवलं. "त्या टीमलाइटरच्या जागेबद्दल. तू पाहणीला येतो म्हणालास, त्याच दिवशी मी पर्सोनालमध्ये, एचआरला, कळवलं. आपली आता खाजगी ओळख आहे, तेव्हा तुझ्याबद्दल मी मत देऊ शकत नाही. ते बरोबर दिसणार नाही. आणि माझ्या मताशिवाय तुझा अर्ज पुढे जात नाही. म्हणून मी रुपेशचं नाव दिलं."

खाली कुठेतरी एक पक्षी ओरडत राहिला.

"रुपेशला मी ओळखतच नाही," युर्गन कौतुकानं म्हणाला. "शनिवार-रविवारी तो काय करतो, मला ठाऊक नाही. एकदम स्वच्छ प्रकरण."

चारुदत्तनं विचारलं, "मी... येतो म्हणालोच नसतो तर?"

"म्हणालाच नसतास?" युर्गनला प्रश्न विचित्र वाटला. "तर तुलाच दिली असती. गेनाऊ, अगदी नक्की. काम तुझं रुपेशपेक्षा किती चांगलं आहे!" आणि त्यानं नव्या मित्राच्या खांद्यावर आपुलकीनं थाप मारली. "पण नोकऱ्या काय, येतात-जातात. मचाणावर बसणारा माणूस मिळत नाही. पुढच्या शनिवारी फळ्या बदलू. हातोडी आहे ना तुझ्याकडे?"

तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, ही म्हण चारुदत्तला पाठ होती. त्या धुपाटण्याला हातोडीही लागते हे त्याला त्या मचाणावर कळलं. नाही म्हणायची सोय उरली नव्हती, कारण साहेबाला नाही म्हणता येतं, मित्राला कसं म्हणणार, आणि हा तर दोन्ही होता.

तो घरी पोचला तेव्हा दारातच खमंग वास आला. बंदी उठली होती आणि श्यामकांतांनी जातीनं कांदेपोहे केले होते, वर ओलं खोबरं, कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. सगळे टेबलाशी वाट बघत होते. त्यानं टोपी काढली. पीस वाटेत कुठेतरी पडलं होतं.

"काय जावईबापू, झाला कार्यक्रम? पसंती आली का?"

"आली."

"वा! कुठला नर?"

चारुदत्त खुर्चीवर बसला. "मीच," तो म्हणाला. "त्यांनी मला पसंत केलं."

ऋचानं हातातला डाव खाली ठेवला. नवऱ्याचा चेहरा तिला वाचता येत होता. "चारू, जागेचं काय झालं?"

"रुपेशला."

श्यामकांतांच्या ओठांवर आलेली थट्टा त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा गिळली आणि जावयाच्या बशीत मुकाट्यानं आणखी एक डाव पोहे वाढले.

"आणि तुला, पापा?" उर्जानं विचारलं, चक्क मराठीत.

"मला?" चारुदत्तनं लिंबू पिळलं. "मला दर शनिवार."